कृष्णेचे शिंपले, तासगावचे शेततळे

(दृश्य: कृष्णेचे पात्र, सकाळची वेळ. कमरेएवढ्या पाण्यात दोन माणसे.)

कृष्णेचे पाणी पावसाळ्यानंतर हळूहळू निवळत जाते आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत डोहाच्या कडेने पाण्यात उतरून चालता येते. हे दोघे जण तळाचा गाळ पायाने चाचपत पुढे सरकत आहेत. तळपायाला कठीण धार लागली की ते वाकतात, गाळ बाजूला करतात आणि शिंपला वर काढतात. शिंपला गाळात तिरका रुतून बसलेला असतो. त्याची मागची बाजू तेवढी पाण्यात उघडी राहते आणि तेथील दोन छिद्रांपैकी एकातून पाणी आत जाते, दुसऱ्यातून बाहेर पडते. आत गेलेल्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण कल्ल्यांवर अडकतात, आणि तेच त्याचे अन्न. तळाशी बसलेले हे जीव आयुष्यभर नदीचे पाणी गाळत राहतात, तरी नदीच्या कोणत्याही हिशेबात त्यांची नोंद होत नाही.

पाटीत जमा झालेल्या शिंपल्यांची काठावरच निवड होते. ८ सेंटिमीटरपेक्षा लांब आणि साधारण ५० ग्रॅमपेक्षा जड असलेले तेवढे ठेवले जातात, लहान शिंपले पुन्हा डोहात सोडले जातात. ज्यांच्या कवचाला तडा आहे किंवा जे हात लावूनही पटकन मिटत नाहीत, तेही बाजूला काढले जातात. ही जात लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या नावाने ओळखली जाते आणि भारतात गोड्या पाण्यातील मोत्यांसाठी मुख्यतः तीच वापरतात.

(दृश्य: द्राक्षबागा, मधोमध शेततळे. वरून घेतलेले चित्रण.)

हा तासगाव तालुक्याचा पूर्व भाग. पाऊस कमी, जमीन हलकी, आणि तरीही द्राक्ष आणि बेदाण्यासाठी नाव कमावलेला. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन सुटले की कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलले जाऊन या माळापर्यंत येते आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात साठवले जाते. बागेला ठिबकने पाणी देण्यापलीकडे या तळ्याचा दुसरा उपयोग आजवर फारसा कोणी केला नव्हता. ज्या नदीचे पाणी इथे येते, त्याच नदीचे शिंपले इथला एक द्राक्ष बागाईतदार आता आपल्या तळ्यात, त्याच पाण्यात, मोत्यांसाठी वाढवतो आहे.

आज जिला आपण मोत्याची शेती म्हणतो, ती समुद्रात रुजली. आपल्याकडच्या जुन्या नथींमध्ये जे बसरा मोती आजही जपून ठेवलेले आढळतात, ते इराणच्या आखातातून पाणबुड्यांनी काढलेल्या मोती-कालवांचे, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांचे आहेत. कोकणात खडकावरून कोयत्याने सोडवून जी कालवे खातात, त्यांचे हे दूरचे नातलग. शेकडो कालवे फोडल्यावर एखाद्यात मोती सापडावा, असा तो बेभरवशाचा धंदा होता. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली कालवाच्या आत मुद्दाम मणी बसवून अर्धगोल मोती मिळवला आणि पुढे उथळ, शांत उपसागरांत तराफ्यांखाली टोपल्या टांगून कालवे वाढवण्याची पद्धत रुजली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतीकोरीन येथे १९७३ मध्ये समुद्री मोती तयार केला. गोड्या पाण्यातील शिंपल्यांवर भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेत १९८७ पासून काम सुरू झाले, आणि त्या कामामुळेच समुद्र न पाहिलेल्या तालुक्यात आज मोत्याचा विचार करता येतो. या शेतकऱ्यानेही रीतसर प्रशिक्षण घेतल्यावरच पहिला शिंपला पाण्यातून काढला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे काम हाताच्या सवयीवर उभे आहे.

(दृश्य: पत्र्याच्या शेडमधील टाक्या. पाण्याचा आवाज राहू द्यावा.)

नदीतून आणलेल्या शिंपल्यांवर लगेच शस्त्रक्रिया करता येत नाही. दोन ते तीन दिवस त्यांना शिळ्या, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या पाण्यात, एका लिटरला एक या हिशेबाने, दाटीवाटीने ठेवतात. अशा दाटीत कवच घट्ट मिटून धरणारे स्नायू थोडे सैल पडतात आणि उघडताना जिवाला इजा कमी होते.

टेबलावर बसलेल्या या ताई शेतकऱ्याच्या घरच्याच आहेत. एरवी द्राक्षांची विरळणी करणारे त्यांचे हात येथे त्याच सावधपणे चालतात. शिंपला स्टँडमध्ये अडकवून, कवचाच्या दोन झडपांमध्ये पाचर सारून, फट जेमतेम १ सेंटिमीटर उघडली जाते. त्यापेक्षा अधिक ताणले तर स्नायू तुटतो, आणि स्नायू तुटलेला शिंपला वाचत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून एक पातळ, ओलसर पडदा दिसतो. त्याला प्रावार म्हणतात. कवच घडवतो तो प्रावार, आणि कवचाची आतली चमकही त्याच्याच पेशींतून झरते. चपट्या सुईने प्रावार कवचापासून हलकेच सुटा करून त्या जागेत साचा सरकवला जातो. मेलेल्या शिंपल्यांच्या कवचाची पूड दातांच्या दवाखान्यात वापरतात त्या ॲक्रिलिकमध्ये कालवून हा साचा तयार केला जातो. त्यावर गणपती, शंख, कमळ अशी आकृती असते आणि ती बाजू नेहमी प्रावाराकडे ठेवायची असते, नाहीतर थर कोऱ्या पाठीवर चढतात. साचा बसला की पाचर काढली जाते आणि शिंपला स्वतःच मिटतो.

गोल मोत्याचे काम याहून नाजूक आहे. त्यासाठी एका शिंपल्याचा जीव घ्यावा लागतो. त्याच्या प्रावाराची पट्टी काढून तिचे २ मिलिमीटरचे तुकडे करतात आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान मण्यासोबत असा एक तुकडा दुसऱ्या शिंपल्याच्या जननग्रंथीत छेद घेऊन बसवतात. तुकड्यातील पेशी मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि ही पिशवी मण्यावर थर चढवू लागते. तुकडा आणि मणी एकमेकांना टेकले नाहीत, तर मोती होत नाही.

(दृश्य: नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या, हातांचे जवळून चित्रण. येथे निवेदन थोडे थांबवावे.)

शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस टाकीतच जातात. पाण्यात प्रतिजैविक असते, आणि रोज सकाळी प्रत्येक शिंपला बोटाने दाबून पाहिला जातो. जो मिटत नाही तो मेलेला असतो आणि त्याला त्याच क्षणी बाहेर काढावे लागते, कारण एक कुजला तरी टाकीतले बाकीचे धोक्यात येतात. उरलेले शिंपले दोन-दोन करून जाळीच्या पिशवीत भरले जातात आणि तळ्यावर आडव्या टाकलेल्या पाइपांना, पाण्याखाली सुमारे १ मीटरवर टांगले जातात.

तेथून १२ ते १८ महिने काम शिंपल्याचे आहे आणि राखण माणसाची. अस्तराच्या तळ्याला मातीचा तळ नाही, त्यामुळे खाद्य आपोआप तयार होत नाही. शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून पाण्याला हिरवी झाक आणावी लागते आणि ती फार गडद होऊ द्यायची नसते. कवच आणि मोती दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने पाण्यात चुना कमी पडू देऊन चालत नाही. ठराविक काळाने पिशव्या वर घेऊन कवचावरचे शेवाळ घासून काढले जाते.

(दृश्य: ब्लोअरने फवारणी. वाऱ्याबरोबर जाणारे तुषार.)

आता या चित्राकडे लक्ष द्यावे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी या द्राक्षवेलीवरील रोगाच्या भीतीने बागेवर फवारण्यांचा सपाटा सुरू होतो आणि त्यात बोर्डो मिश्रण असते, म्हणजे मोरचूद असते. मोरचुदातील तांबे बुरशीला मारते, तसेच ते शिंपल्यालाही मारते. मासा विषारी पाण्यापासून पळून तरी जाऊ शकतो. शिंपला कवच मिटून वाट पाहतो, पण श्वासासाठी आणि अन्नासाठी त्याला ते पुन्हा उघडावेच लागते. म्हणून या शेतकऱ्याने तळ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला शेवरीची दाट रांग लावली आहे, तळ्याशेजारच्या ओळींवर वारा पडल्यावरच फवारणी होते, आणि पंपाची टाकी तळ्याच्या काठावर धुणे पूर्णपणे बंद झाले आहे. बागेच्या तळ्यात शिंपला जगवायचा, तर बागाईतदाराला आपल्या फवारणीची शिस्त बदलावी लागते. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

(दृश्य: शिंपला उघडतो. मोत्यावर प्रकाश.)

सगळे शिंपले जगत नाहीत, जगलेल्या प्रत्येकात विकण्याजोगा मोती नसतो, आणि भाव आकार, चमक व गोलाई पाहून व्यापारी ठरवतात. मोती परत विकत घेण्याची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून शेतकऱ्यांनी दूर राहावे.

(दृश्य: पुन्हा कृष्णा. बंधाऱ्याखालचे उथळ पाणी.)

मोत्याची शेती वाढली तर शिंपले आणायचे कोठून, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. शिंपल्याचे पिल्लू थेट पाण्यात वाढत नाही. मादीने सोडलेल्या सूक्ष्म अळ्या माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटतात, काही काळ माशाच्या अंगावर काढतात आणि मग सुटून गाळात बसतात. म्हणजे नदीत मासा नसेल तर काही वर्षांनी शिंपलाही नसेल. उन्हाळ्यात प्रवाह तुटतो, त्यात मळीमिश्रित पाणी आले की मासे तडफडून वर येतात, आणि हे दृश्य कृष्णाकाठाने वारंवार पाहिले आहे. तळाशी त्याच वेळी काय होते, ते कोणी पाहायला जात नाही. अशा नदीतून पोत्यांनी शिंपले उपसले, तर मोत्याच्या नावाखाली नदीचे उरलेसुरले गाळणेही आपणच उचलून नेऊ.

यासाठी या शेतकऱ्याने बांधाच्या खालच्या अंगाला अस्तर नसलेले, मातीच्या तळाचे एक छोटे तळे राखून ठेवले आहे. त्यात रोहू आणि कटला सोडले आहेत, आणि शस्त्रक्रिया न केलेले नर-मादी शिंपले गाळात बसू दिले आहेत. त्या पाण्यावर फवारणीचा थेंब जाऊ नये म्हणून शेजारच्या दोन ओळी द्राक्षाऐवजी मक्याला दिल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी हे तळे उपसून गाळ चाळला जाईल, आणि त्यात नखाएवढे शिंपले सापडले, तर पुढच्या मार्गशीर्षात नदीत उतरताना पाटी लहान न्यावी, असे घरात ठरले आहे.