हायड्रोजनच्या तांबड्या रेघेचं गणित

नमस्कार, श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर जवळ ओढा. आज एका रंगाचं गणित करायचं आहे.

काचेच्या नळीत थोडा हायड्रोजन भरून वीज सोडली की नळी गुलाबी उजळते. हाच उजेड लोलकातून पाहिला तर मात्र सलग इंद्रधनुष्य दिसत नाही. काळोखात सुट्या रेघा दिसतात: एक ठसठशीत तांबडी, एक हिरवट निळी, दोन जांभळ्याकडे झुकलेल्या. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बाल्मर यांनी 1885 साली, वयाच्या साठाव्या वर्षी, या चारही रेघांना लागू पडणारं एक सूत्र शोधलं. ते का लागू पडतं, हे सांगायला 1913 साली डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यावे लागले. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरलेल्या पायऱ्यांवरच राहता येतं, असं त्यांनी मांडलं. वरून खाली उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो.

आता लिहून घ्या. तांबडी रेघ म्हणजे तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरताना सुटणारा प्रकाश. 13.6 हा हायड्रोजनसाठी ठरलेला आकडा, इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या छोट्या एककात. तो पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागायचा. दुसरी पायरी: 13.6 भागिले 4, म्हणजे 3.4. तिसरी: 13.6 भागिले 9, म्हणजे 1.51. वजाबाकी 1.89 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इथे मुलं हमखास चुकतात. आधी 3 मधून 2 वजा करतात आणि मग वर्ग करतात. तसं नाही, प्रत्येक पायरीचा भागाकार वेगळा करायचा, वजाबाकी शेवटी.

आता 1240 ला, म्हणजे ऊर्जेवरून तरंगलांबी काढायच्या ठरावीक आकड्याला, 1.89 ने भागा. उत्तर 656. ही तांबड्या रेघेची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत. प्रयोगशाळेत मोजली तरी 656 च येते! हे उत्तर मी कितीदा काढलं असेल, तरी दर वेळी अंगावर शहारा येतो. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या गुलाबी ज्वाळांत हाच तांबडा रंग असतो.

चौथ्या पायरीवरून दुसरीवर उतरण्याचं गणित तुम्ही करा. 486 च्या आसपास आलं, तर हिरवट निळी रेघ सापडली म्हणून समजा.

आणि पायऱ्या तिथे संपत नाहीत. 110 व्या पायरीवरून 109 व्या पायरीवर उतरणारा इलेक्ट्रॉन सुमारे 6 सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाही. ती रेडिओलहर असते. 1965 साली अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीने अवकाशातल्या हायड्रोजनकडून आलेली ती लहर टिपली.