वांग्याची भाजी आणि पाचशे रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

आज घरभाड्याबद्दल बोलायचंय. करार संपत आलाय, भाडं थोडं वाढवायचंय, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला ते सांगायचं कसं? आपल्या सांगलीत गावभागातल्या जुन्या घरांत, खणभागात, विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांना खोल्या देणाऱ्यांकडे, सगळीकडं दर अकरा महिन्यांनी हा प्रश्न उगवतो.

माझं सांगणं छोटं आहे. आकडा सांगा आणि तारीख सांगा. पण त्याआधी माझ्या आत्याची गोष्ट ऐका, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

आत्याचं घर गावभागात. खाली ती एकटी. वर भाडेकरू, नवरा-बायको आणि दुसरीतली मुलगी. नवरा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. भाडं सहा हजार. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई थेट घरात आली. तुम्हाला काय सांगायचं, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आत्याच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या तरंगायला लागल्या, तेव्हा दिवाणजींनी तिला हाताला धरून वर नेलं. सहा दिवस ती त्यांच्याकडं जेवली, त्यांच्या मुलीच्या अंथरुणात झोपली.

पाणी ओसरलं. चिखल निघाला, भिंतींचा गिलावा सुटला, वायरिंग सगळं नवं करायला आलं. करार 31 ऑक्टोबरला संपत होता. आत्याला पाचशे रुपये वाढवून हवे होते. पाचशेच. पण ज्यांच्या घरी सहा दिवस जेवलो, त्यांना कुठल्या तोंडानं म्हणायचं, की भाडं वाढवा?

मग तिनं आडवळण धरलं. सप्टेंबरात एक दिवस वांग्याची भाजी करून डबा वर घेऊन गेली. कृष्णाकाठची वांगी, कूट बेताचं, तिखट बेताचं. हल्ली हॉटेलात लाल तवंगाखाली वांगं चाचपडून शोधावं लागतं, आणि लोक त्यालाच सांगलीची चव म्हणतात. असो. डबा दिला आणि म्हणाली, "महागाई फार झालीय गं." दिवाणजींची बायको म्हणाली, "हो ना आत्या, कांदा बघा की." संपलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा. "भिंती सगळ्या उकरायला लागणार बघ." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "माझा भाचा म्हणतोय, या घराचं आता काहीतरी बघायला पाहिजे." श्रोतेहो, तो भाचा म्हणजे मी. मी असं अवाक्षर काढलं नव्हतं.

दसरा आला. दिवाणजी सोनं द्यायला खाली आले. आपट्याची पानं आत्याच्या हातावर ठेवली, पाया पडले आणि म्हणाले, "आत्या, विश्रामबागेत एक जागा बघितली. दोन हजार इसार देऊन आलोय. महिनाअखेरीला तुमची जागा मोकळी करतो."

आत्या गारच पडली. "का रे बाबा? काय कमी पडलं?"

"तुम्हीच सुचवत होता की. भिंती काढणार, भाचा घराचं बघणार. तुम्हाला तोंडानं 'जा' म्हणायला जड जातंय, ते आम्हाला कळत नाही होय?"

"अरे, मला पाचशे रुपये वाढवून पाहिजे होते!"

दिवाणजी पायरीवरच बसले. म्हणाले, "मग आकडा सांगायचा की आत्या! जन्म गेला माझा आकडे लिहिण्यात."

विश्रामबागेतला इसार परत मिळाला नाही. ती खोट आत्यानं अंगावर घेतली, वाढ चार महिने पुढं ढकलली. पाचशे चोक दोन हजार. म्हणजे पाचशे रुपये मागायला लाजली, म्हणून दोन हजार गेले. वर वांगी वेगळी.

आता थोडा कायदा. आपल्याकडं बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारानं दिली जातात. त्या मुदतीत, करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मालकाला मनाला आलं म्हणून भाडं वाढवता येत नाही. मुदत संपल्यावर नवा करार, नवा आकडा. तो किती असावा हे दोघांनी ठरवायचं, या करारांना कायद्यानं टक्का बांधून दिलेला नाही. जुन्या कुळांचं, म्हणजे असा करार नसलेल्या जुन्या भाडेकरूंचं, वेगळं, तिथं भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

आणि नवा करार नोंदवायचा. 'आपल्यात कशाला कागद?' असं म्हणणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहतो, मग तो भाडेकरू असो की व्याही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं, की करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. पुन्हा सांगतो, मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर शेकडा चार आणे, म्हणजे पाव टक्का, डिपॉझिटचाही त्यात हिशेब धरतात, आणि शहरात नोंदणी फी 1000 रुपये. घरबसल्या ऑनलाइन होतं. फक्त अंगठा यंत्रावर उमटायला हवा. आत्याचा चौथ्या खेपेला उमटला, भाकऱ्या थापून थापून रेषाच राहिल्या नाहीत.

भाडेकरूंनीही ऐकावं. मुदत संपल्यावर नवा करार न करता तसंच राहिलात आणि मालकानं जागा परत मागितली, तर कलम 24 खाली तो तुमच्याकडून दुप्पट भाडं मागू शकतो. वाढ परवडत नसेल तर तसं वेळेवर सांगा, गप्प बसू नका.

आता चिठ्ठी. कागद-पेन्सिल घ्या, मी थांबतो.

घेतली? लिहा. 'स. न. वि. वि. आपला करार 31 ऑक्टोबरला संपत आहे. 1 नोव्हेंबरपासून पुढील अकरा महिन्यांसाठी मासिक भाडे साडेसहा हजार रुपये राहील. मान्य असल्यास 30 सप्टेंबरपर्यंत कळवावे.' खाली सही आणि आजची तारीख. आकडा आला, तारीख आली. महागाई नाही, भिंती नाहीत, भाचा तर नाहीच नाही. दोन प्रती करा, एकीवर समोरच्याची पोच घ्या. करारात नोटिशीची मुदत लिहिलेली असेल तर ती पाळा. नसेल तर महिना-दोन महिने आधी द्या, म्हणजे त्यालाही दुसरी जागा बघायला सवड मिळते. मोबाईलवर पाठवलंत तरी कागद द्याच. तिथं सकाळच्या फुलांच्या चित्रांत तुमचा आकडा कुठं वाहून जाईल, पत्ता लागणार नाही.

दिवाणजी अजून आत्याच्या माडीवरच आहेत. करार संपायच्या दोन महिने आधी आत्याची चिठ्ठी वर जाते, आकडा आणि तारीख घालून. दिवाणजी पोच देतात, खाली सही करतात, आणि एकदा त्या सहीखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाढ मान्य. वांगी का बंद झाली?'