दारातली पहिली पाच मिनिटं

[दृश्य: चर्चचं आवार. भिंतीलगत लावलेल्या दुचाक्या. पहिली घंटा.]

रविवार, सकाळचे साडेआठ. भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, नऊला आहे. ही पहिली घंटा, दुसरी होईल तेव्हा पाळकसाहेब आत येतील. गावातल्या मंडळीला हा हिशेब पाठ असतो, म्हणून ती दुसऱ्या घंटेच्या आसपास येते. पाहुण्याला तो ठाऊक नसतो. तो पहिल्या घंटेलाच येतो आणि रिकाम्या बाकांमध्ये एकटा बसून राहतो. नाहीतर मोबाइलवरची जुनी वेळ बघून दहाला पोचतो, तेव्हा आत आशीर्वादवचन चाललेलं असतं.

म्हणून स्वागताची सुरुवात फाटकावरच्या पाटीपासून होते. बहुतेक पाट्यांवर स्थापनेचं वर्ष आणि पाळकांची नावं ठळक असतात, भक्तीची वेळ मात्र कुठेच नसते. वेळ, भाषा आणि एक चालू फोन नंबर या तीन गोष्टी रस्त्यावरून वाचता याव्यात. उन्हाळ्यात भक्ती आठला होत असेल, तर पाटीवरचा आकडा त्याच आठवड्यात बदलावा. त्यासाठी वेळेपुरता खडूचा काळा फळा रंगवलेल्या पाटीपेक्षा बरा.

[दृश्य: मिरज स्टेशनबाहेरचा रस्ता, दवाखान्यांच्या पाट्या.]

सांगली-मिरजेकडच्या चर्चमध्ये येणारा पाहुणा कोण असतो? पहिला, पेशंटचा नातेवाईक. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं ते आजतागायत. कर्नाटकातून, कोकणातून माणसं येतात, आठ-पंधरा दिवस अडकतात आणि रविवारी जवळचं चर्च शोधतात. दुसऱ्या, नर्सिंग शिकायला आलेल्या मुली. तिसरा, बदलीवर आलेला बँकेतला किंवा रेल्वेतला माणूस. साताऱ्याच्या बाजूला यांत महाबळेश्वर-पाचगणीला निघालेल्यांची भर पडते. आणि सगळीकडे असतो तो शेजारी, जो एरवी येत नाही पण नाताळात सहकुटुंब येतो.

बदलीवर आलेला माणूस मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा असला तर त्याला इथे मेथडिस्ट चर्च हाताशी सापडेलच असं नाही. हा भाग मुळात दुसऱ्या मिशनांचा. सांगली, मिरज, कोल्हापूर प्रेस्बिटेरियन मिशनकडे होतं आणि सातारा-वाई अमेरिकन मराठी मिशनकडे. मेथडिस्टांचं काम 1870च्या दशकात विल्यम टेलर यांच्यामुळे मुंबईत रुजलं आणि तिथून पसरलं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात इकडची बरीच मंडळी गेली. मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले आणि 1981मध्ये त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्रपणे उभं राहिलं. पाट्या वेगळ्या झाल्या, तरी दारातले प्रश्न सारखेच आहेत. फरक पडतो तो प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी. त्याकडे येऊच.

[दृश्य: दार. एक बाई, एक पुरुष. हातात गीतांची पुस्तकं.]

दारात दोन माणसं हवीत, एक बाई आणि एक पुरुष. कमिटीचे चेअरमन नकोत. त्यांना त्याच वेळी माइक, पंख्याचा फ्यूज आणि हिशेबाची वही या तिन्ही गोष्टींसाठी कुणीतरी हाक मारत असतं. दारातल्या माणसाला भक्ती सुरू झाल्यावर दहा मिनिटांपर्यंत दुसरं काम देऊ नये, कारण पाहुणे उशिरा येतात आणि नेमकं तेव्हाच दार ओस पडतं.

बोलायचं काय? ‘सलाम’, ‘जय ख्रिस्त’ हे आपसात ठीक. अनोळखी माणसाला साधं ‘नमस्कार, या’ म्हणावं. ‘पहिल्यांदाच आलात का?’ हा प्रश्न टाळावा. समोरची बाई दोन वर्षं मागच्या बाकावर बसत असली तर दोघांचीही पंचाईत होते. ‘आपली भेट झाली नव्हती बहुतेक’ म्हटलं की निभावतं.

आणि आडनाव विचारू नये. आपल्याकडे ‘गाव कुठलं, आडनाव काय’ हे इतक्या सहज तोंडात येतं की विचारणाऱ्याला त्याचा अर्थही जाणवत नाही. ऐकणाऱ्याला जाणवतो. चर्चच्या दारात तर तो जास्तच बोचतो. ‘कुठल्या मिशनचे?’ आणि ‘बाप्तिस्मा झालाय का?’ हे त्याचेच भाऊबंद. पाहुणा चहाच्या वेळी स्वतःहून सांगेल तेवढं पुरे.

मग चपला. काही चर्चमध्ये बाहेर काढतात, काही ठिकाणी घालूनच आत जातात, आणि सर्वांत अवघड ते चर्च, जिथे अर्धे काढतात आणि अर्धे घालतात. तिथे पाहुणा उंबऱ्यावर थबकतो. काय ते एक ठरवावं. काढायच्या असतील तर रॅक दाराच्या बाहेर, पावसापासून आडोशाला हवा. सातारकडच्या पावसात भिजलेल्या चपलांचा ढीग आणि त्यात रुतलेल्या छत्र्या हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला छत्र्यांसाठी वेगळी बादली का हवी ते सांगायला नको.

[दृश्य: दाराच्या दगडी पायऱ्या. मोजपट्टी.]

जुन्या दगडी चर्चना दोन-तीन पायऱ्या असतातच. उताराचं प्रमाण एकास बारा धरतात. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या एका पायरीला 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो आणि दोन पायऱ्यांना 3.6 मीटर. जागा नाही म्हणून फळी टाकून तीव्र उतार केला, तर व्हीलचेअर मागे घसरते आणि ढकलणाराही पडतो. जागा खरंच नसेल तर बाजूच्या दाराकडून उतार काढावा आणि तिकडे बाण दाखवावा. प्लास्टर घातलेला पाय घेऊन येणारे मिरजेच्या आसपास कमी नाहीत.

आत आल्यावर बसायचं कुठे? बऱ्याच मराठी चर्चमध्ये एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका बसतात. हे कुठे लिहिलेलं नसतं. नवरा-बायको चुकीच्या बाजूला एकत्र बसले आणि कुणी येऊन त्यांना उठवलं, तर ते पुन्हा येतील ही आशा सोडावी. बसू द्यावं, काही बिघडत नाही. मागचे दोन बाक मात्र रिकामे राखावेत. सवयीने सगळे मागे बसतात, पुढचे बाक मोकळे, आणि उशिरा आलेल्या पाहुण्याला सगळ्यांच्या नजरा झेलत थेट वेदीपर्यंत जावं लागतं.

[दृश्य: जीर्ण झालेलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. पानांतून डोकावणाऱ्या कागदाच्या पट्ट्या.]

पाहुण्यांसाठी दहा-बारा पुस्तकं दाराजवळ वेगळी ठेवावीत, पानं निसटलेली त्यात नकोत. शनिवारी संध्याकाळी गीतं ठरली की प्रत्येक पुस्तकात त्या गीतांपाशी कागदाची पट्टी घालायची. चार गीतं, चार पट्ट्या. हे काम संडे स्कूलची मुलं वीस मिनिटांत उरकतात. फळ्यावर लिहिलेला आकडा हा पानाचा की गीताचा, हे पाहुण्याला कळत नाही. म्हणून ‘गीत क्रमांक’ असं पूर्ण लिहावं आणि माइकवरून दोनदा सांगावं. मिरज भागात कन्नड आणि हिंदी पवित्र शास्त्राच्या दोन-दोन प्रती दाराशी असल्या तर फार उपयोगी पडतात.

गीतं निवडताना एखादं भजन जरूर घ्यावं. पेटी, तबला आणि झांज सुरू झाली की चर्चमध्ये कधीच न आलेला माणूसही टाळी धरतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या चालीत केलेली पदं याच कामाची आहेत. टिळकांनी 1917मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही खुला होता. ते दार एवढं मोठं उघडणारा माणूस आपल्याच भागात राहून गेला, याची आठवण इथल्या मंडळीने ठेवायला हरकत नाही.

उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी, हे चालकाने प्रत्येक वेळी तोंडाने सांगावं. ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी उभं राहावं’, एवढंच. मतांगीकार (विश्वासाचं कबुलीवचन) आणि प्रभूची प्रार्थना मंडळीला तोंडपाठ असते, म्हणून ती छापलेली नसते. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत दोन्ही छापून बाकावर ठेवली की झालं.

सर्वांत जास्त बिघडतं ते जाहिरातींच्या, म्हणजे मंडळीला सूचना देण्याच्या वेळी. ‘आज आपल्यामध्ये कोणी पाहुणे असतील तर कृपया उभं राहून ओळख करून द्यावी.’ हेतू चांगला. पण ज्याची आई अतिदक्षता विभागात आहे, त्याला चाळीस अनोळखी माणसांसमोर काय बोलावं ते सुचत नाही. ‘पाहुण्यांचं स्वागत आहे, भक्तीनंतर चहाला थांबा’ इतकं माइकवरून पुरतं.

प्रार्थनेच्या विनंत्यांचंही तसंच. चिठ्ठी आली की आधी विचारायचं: नाव घेऊ का? आजाराचं नाव तर माइकवरून कधीच घेऊ नये. कर्णे बाहेर लावलेले असतात आणि गाव लहान असतं.

[दृश्य: काळे बेदाणे भिजवलेलं पातेलं. गाळणी. छोट्या पेल्यांचा ट्रे.]

आता प्रभुभोजन. बहुतेक ठिकाणी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. मेथडिस्ट परंपरेत द्राक्षारस न आंबवलेला लागतो, आणि सांगली जिल्ह्यात त्याची चिंता नाही. 250 ग्रॅम काळे बेदाणे धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, त्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचे, गार झाल्यावर कुस्करून पातळ कापडातून गाळायचे. पाऊण लिटरच्या आसपास रस निघतो. दहा मिलिलिटरचा पेला धरला तर सत्तर-पंचाहत्तर जणांना पुरतो. भिजवणं शुक्रवारी रात्री आणि उकळणं शनिवारी सकाळी. गाळला की लगेच फ्रीजमध्ये. एप्रिल-मेमध्ये हा रस रात्रभर बाहेर राहिला तर सकाळी फेस धरतो आणि आंबट वास येतो. तसा रस ओतून द्यावा, साखर घालून वेळ मारून नेऊ नये. भाकरीसाठी साध्या पावाच्या कडा काढून सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे. आदल्या रात्री कापले तर ते सुकतात. ट्रेवर जाळीचं झाकण हवं, माशा वाट बघत नाहीत.

पाहुण्याची अडचण वेगळीच असते. शेजारचे काका पहिल्यांदा आलेले असतात. थाळी समोर येते, प्रसाद समजून ते हात पुढे करतात. देणारा गोंधळतो, मागे बघतो, आणि काकांच्या लक्षात येतं की आपलं काहीतरी चुकलं. म्हणून विधी सुरू होण्याआधीच साध्या मराठीत सांगावं, की हा प्रसाद नव्हे, ही ख्रिस्ताच्या मरणाची आठवण आहे, आणि कोणी घ्यावं व कोणी बसून राहावं. मेथडिस्ट मेजावरचं आमंत्रण मनापासून पश्चात्ताप करणाऱ्या आणि शेजाऱ्याशी प्रेमाने वागणाऱ्या सर्वांना असतं, दुसऱ्या चर्चचा सभासद असला तरी. इतर काही मंडळ्यांत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची जाहीर पुष्टी) झालेल्यांनाच देतात. नियम कोणताही असो, तो आधी सांगितला की अपमान होत नाही.

पद्धतीवरही बरंच अवलंबून आहे. मेथडिस्ट चर्चमध्ये वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून घेतात. ज्याला घ्यायचं नाही तो जागेवर बसून राहतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. बाकावर थाळी फिरते तिथे मात्र वाढणाऱ्याने पाहुण्यासमोर थांबून राहू नये. थाळी हातोहात पुढे जाऊ द्यावी.

दानार्पणाबद्दल थोडंच. पाहुण्याने टाकलंच पाहिजे असं नाही, हे एकदा सांगावं. आणि क्यूआर कोडचा फलक मुख्य दारावर नको. पहिलं दर्शन पैशाचं होतं.

[दृश्य: आवारातली शेगडी. चहाचं पातेलं, भडंगाचा डबा.]

पन्नास कप चहाला तीन लिटर दूध, दोन लिटर पाणी, अर्धा किलो साखर, सव्वाशे ग्रॅम पावडर आणि बोटभर आलं. शेगडी पेटवायची ती दानार्पणाचं गीत सुरू झालं की. भक्तीनंतर पेटवली तर चहा उकळेपर्यंत पाहुणा स्टँडवर पोचलेला असतो. सोबत भडंग असेल तर पुस्तकं आधी गोळा करून घ्यावीत, नाहीतर पानांवर तेलाचे ठसे उमटतात.

नोंदवहीत फक्त नाव. फोन नंबर द्यायचा असेल तर. नंबर दिला असेल तर दोन-तीन दिवसांत एक फोन करावा, न सांगता घरी जाऊ नये. पाहुण्याचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. धर्मांतराच्या अफवा कशा उठतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांचा त्रास चर्चइतकाच त्या बिचाऱ्या पाहुण्याला होतो.

[दृश्य: नाताळची संध्याकाळ. चांदणी, दिव्यांच्या माळा, फाटकाशी गर्दी.]

नाताळात हे सगळे हिशेब उलटतात. शेजारीपाजारी मेणबत्त्या, फुलं, कधी नारळही घेऊन येतात. कॅथलिक चर्चमध्ये पाहिलेलं असतं, तसंच इथे असेल असं त्यांना वाटतं. प्रोटेस्टंट चर्चमध्ये मेणबत्ती लावायची जागाच नसते, मग फाटकावरचा पोरगा ‘इथं चालत नाही’ म्हणून मोकळा होतो. असं परतवू नये. अंगणात वाळू भरलेली दोन घमेली ठेवावीत, तिथे मेणबत्त्या लावू द्याव्यात. यावर काही मंडळ्यांत वाद होतो, होऊ दे. फुलं वेदीजवळच्या फुलदाणीत जातील. नारळ नम्रपणे परत द्यावा, तो का ठेवत नाही ते एका वाक्यात सांगावं.

नगरसेवक येणारच. शाल-श्रीफळ भक्ती संपल्यावर, अंगणात, दोन मिनिटांत. भक्तीच्या मध्ये माइक दिला की पुढची पंधरा मिनिटं गेली.

मांडवाच्या कापडापासून घमेली किमान दोन मीटर लांब, माळांच्या वायरी पायवाटेवरून न नेता वरून बांधलेल्या, आणि पाण्याची बादली व वाळूची बादली फाटकाच्या आत उजव्या हाताला. ती कुठे आहे हे दारातल्या दोघांनाही माहीत हवं.