मत बदलण्याची मुभा : फिलाडेल्फिया, १७८७

[दृश्य : इंडिपेन्डन्स हॉल बाहेरून, नंतर सभादालन]

विटांची ही इमारत त्या काळी पेनसिल्व्हेनिया स्टेट हाउस म्हणून ओळखली जात असे. तिच्या याच दालनात १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला आणि अकरा वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. आज दिसणारे बरेचसे सामान त्या काळाच्या धर्तीवर जमवलेले आहे. व्यासपीठावरील उंच पाठीची खुर्ची मात्र अस्सल असून परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तिच्यावरच बसत असत.

[दृश्य : ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’चे पान, पोटोमॅक नदी, माउंट व्हर्नन]

१ मार्च १७८१ पासून तेरा राज्ये ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या कराराने जोडलेली होती. काँग्रेस या त्यांच्या सामाईक सभेत लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत होते. काँग्रेसला कर बसवता येत नसे. ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये ते देण्याचे टाळत. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे, त्यामुळे युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडला. पोटोमॅक नदीतील वाहतुकीचा प्रश्न व्हर्जिनिया आणि मेरिलँड या राज्यांनी १७८५ मध्ये येथे, माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या घरी, आपसांत सोडवला. पुढच्या वर्षी ॲनापोलिस येथे व्यापारविषयक बैठक भरली, तेव्हा पाचच राज्यांचे बारा प्रतिनिधी आले. त्यांनी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी लिहिलेल्या अहवालाद्वारे सर्व राज्यांची परिषद बोलावण्याची शिफारस केली. मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या उठावाने तिची निकड वाढवली. काँग्रेसने फेब्रुवारी १७८७ मध्ये परवानगी दिली, ती केवळ जुन्या करारात सुधारणा करण्यापुरती.

[दृश्य : दालनाच्या खिडक्या, बंद दार]

परिषद १४ मे रोजी सुरू व्हायची होती. गणपूर्ती होण्यास २५ मे उजाडला. पुढे एकूण ५५ प्रतिनिधींनी हजेरी लावली, मात्र ऱ्होड आयलंडने कोणालाही पाठवले नाही. पहिल्या काही बैठका कामकाजाचे नियम ठरवण्यात गेल्या आणि आमच्या मते या परिषदेचे खरे यश तेथेच आहे. आतली चर्चा बाहेर सांगायची नाही, हा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. त्याहून महत्त्वाचे दोन नियम क्वचितच सांगितले जातात. राज्यांची मते नोंदवायची, परंतु कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूने मत दिले हे नावानिशी लिहायचे नाही, हा पहिला. चर्चेच्या ओघात मते वारंवार बदलतील, असे मॅसॅच्युसेट्सचे रूफस किंग यांनी सांगितले. आणि नोंद राहिली तर पटल्यावरही आपले मत सोडणे माणसाला जड जाईल, अशी पुस्ती व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी जोडली. निकाल लागलेला प्रश्नही पुन्हा चर्चेला घेता येईल, हा दुसरा. (भारताच्या संविधान सभेची चर्चा प्रेक्षकांच्या उपस्थितीत झाली, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.)

[दृश्य : जेम्स मॅडिसन यांची हस्तलिखित टिपणे]

या मुभेचा उपयोग किती झाला, हे जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांमुळे कळते. अध्यक्षांच्या समोर बसून त्यांनी ती लिहून घेतली आणि ती छापली गेली १८४० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. राष्ट्राध्यक्षाची निवड विधिमंडळाने करावी, असे आधी ठरले. १९ जुलै रोजी ते काम निर्वाचकांकडे, म्हणजे केवळ या निवडीसाठी नेमलेल्या माणसांकडे, गेले, २४ जुलै रोजी पुन्हा विधिमंडळाकडे आले आणि सप्टेंबरमध्ये अखेर निर्वाचकांवरच स्थिरावले. प्रतिनिधित्वाचा वाद याहून कडवा होता. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, तर लहान राज्यांना समान मत सोडायचे नव्हते. एका सभागृहात लोकसंख्या आणि दुसऱ्यात समानता, ही तडजोड १६ जुलै रोजी पाच राज्ये विरुद्ध चार राज्ये अशा मतांनी निभावली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी त्या वेळी निम्मे निम्मे विभागले गेले होते.

[दृश्य : ६ ऑगस्टचा छापील मसुदा, रुंद समास, मसुद्याची वॉशिंग्टन यांची प्रत]

सभासदांना दुरुस्त्या लिहिता याव्यात म्हणून ऑगस्टमधील हा मसुदा रुंद समास सोडून छापलेला आहे. त्याच्या आरंभी ‘आम्ही लोक’ या शब्दांपुढे तेराही राज्यांची नावे ओळीने येतात. नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना त्यांच्यापुरती लागू होणार होती आणि ती नऊ कोणती, हे आधी सांगता येत नव्हते. सप्टेंबरमध्ये भाषा घोटून घेण्याचे काम पाच जणांच्या समितीकडे आले, तेव्हा समितीतील गुव्हर्नर मॉरिस (गुव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांच्या लेखणीखाली ती नावे जाऊन ‘संयुक्त संस्थानांचे लोक’ आले आणि तेवीस कलमांची सात कलमे झाली.

[दृश्य : चर्मपत्राचे पहिले पान, पंधरावी ओळ जवळून]

जेकब शॅलस या लेखनिकाने तीस डॉलर घेऊन घटनेची चार पाने लिहून दिली. १७ सप्टेंबर रोजी, म्हणजे सह्यांच्या दिवशी, लोकसंख्येनुसारच्या सभागृहात चाळीस हजार लोकांमागे एक प्रतिनिधी याऐवजी तीस हजारांमागे एक असावा, अशी सूचना आली आणि तोवर चर्चेत न पडलेल्या वॉशिंग्टन यांनी स्वतः तिला पाठिंबा दिला. पंधराव्या ओळीत खोडलेल्या जागेवर लिहिलेला ‘तीस’ हा शब्द पाहावा. शेवटच्या पानावर, सह्यांशेजारी, या खाडाखोडीची रीतसर नोंदही केलेली आहे.

[दृश्य : सह्यांचे पान]

येथे ३९ प्रतिनिधींची नावे आहेत. मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी यांनी हजर असूनही सही केली नाही. गुलाम हा शब्द न वापरता, लोकसंख्येनुसार जागा ठरवताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरण्यात आली आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, असेही याच पानांत लिहिले गेले.

२१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर हे मान्यता देणारे नववे राज्य ठरले, तर ऱ्होड आयलंडने २९ मे १७९० रोजी ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार दिला. मेसन यांनी मागितलेली आणि परिषदेने एकाही राज्याच्या पाठिंब्याविना फेटाळलेली हक्कांची सनद १५ डिसेंबर १७९१ रोजी पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने घटनेत आली.