टेकडीला पाणी घालणारी माणसं

(दृश्य: पहाट. पुण्यातल्या पंचवटीच्या बाजूनं वर जाणारी पायवाट. हातात कॅन घेऊन चढणारी माणसं.)

एप्रिल महिना आहे. दुपारी पुण्यात पारा चाळिशीला टेकेल, पण आता सकाळचे सहा वाजलेत आणि टेकडीवर अजून गार वारा आहे. वेताळ टेकडीची कोणतीही वाट धरा. पंचवटीची, गोखलेनगरची, लॉ कॉलेज रस्त्यानं वर येणारी नाहीतर केळेवाडीतून निघणारी. माणसं चढताना दिसतीलच. पुणेकरांना टेकडीची सवय जुनी आहे. पण या माणसांपैकी काहींच्या हातांकडे पाहा. गोडेतेलाचे रिकामे झालेले, पाच-पाच लिटरचे कॅन. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. म्हणजे दहा किलो वजन घेऊन हा चढ चढायचा.

वर पोचलं की ही माणसं पायवाट सोडतात. कोणी उजवीकडे, कोणी खाली खाणीच्या दिशेनं. प्रत्येकाची झाडं ठरलेली आहेत. कोणाची तीन, कोणाची पंधरा. कॅन तिरका धरून पाणी हळूहळू आळ्यात सोडायचं, कारण भसकन ओतलं तर ते उतारावरून निघून जातं. मग आळ्यातला पालापाचोळा पुन्हा नीट पसरायचा, झाकण लावायचं आणि रिकामा कॅन घेऊन खाली यायचं. काही जण दुसरी फेरी मारतात.

हे काम कोणी सांगितलेलं नाही. त्याचे पैसे मिळत नाहीत.

(दृश्य: टेकडीच्या कड्यावरून दिसणारं शहर. मग जवळून, उघडा खडक आणि मुरूम.)

पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. शहराच्या हद्दीतली ही सर्वांत उंच जागा समजली जाते. पायाखाली सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर मुरूम, आणि मुरमावर मातीचा पातळ थर. काही ठिकाणी तर वीतभरही नाही. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरचा एखादा वळवासारखा शिडकावा सोडला तर पुढचे सात-आठ महिने कोरडे.

जुलैमध्ये लावलेलं रोप ऑगस्टमध्ये टवटवीत दिसतं. लावणाऱ्याला वाटतं, जगलं. पण त्या रोपाची खरी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. मुळं खडकाच्या भेगेपर्यंत पोचलेली नसतात आणि वरची माती भाजून निघते. पहिले दोन-तीन उन्हाळे कोणी हात दिला तरच ते झाड होतं. म्हणून टेकडीवरची जुनी माणसं जुलैतल्या वृक्षारोपणाला फारसं महत्त्व देत नाहीत. बॅनर लागतात, फोटो निघतात, दोनशे रोपं लागतात. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि वाळलेल्या काड्या दिसतात. रोप लावणं हे एका सकाळचं काम आहे. त्याला पाणी घालणं हे दोन-तीन वर्षांचं, आणि तेवढा वेळ देणाऱ्यांचीच ही गोष्ट आहे.

(दृश्य: मडकं पुरताना दोन हात. शेजारी उलटी लावलेली बाटली.)

त्यांनी युक्त्याही शोधल्यात. रोपाच्या शेजारी बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. पाणी झिरपत राहतं, मुळं मडक्याकडे वळतात आणि रोज यावं लागत नाही. कोणी बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून ती उलटी रोवतं. आळं चढाच्या बाजूला उघडं आणि उताराच्या बाजूला उंच ठेवायचं, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आपसूक आत येतं. आच्छादनाला वाळलेलं गवत वापरायचं, पण खोडाला चिकटवायचं नाही, नाहीतर वाळवी लागते. या गोष्टी टेकडीवर तोंडी चालत आलेल्या आहेत. नवा माणूस चुकीचं आळं करताना दिसला, की कोणीतरी काका थांबतात, न बोलता हातातली काठी ठेवतात आणि दगड उचलून नीट रचून देतात.

आणि इथेच ओळखी होतात. त्यांत नावं उशिरा येतात. आधी झाडं येतात. वडवाले काका, खाणीजवळच्या ताई, पांगाऱ्याचे आजोबा. मुलीकडे महिनाभर जायचं असलं की झाडं शेजाऱ्याच्या ताब्यात द्यायची, घराची किल्ली देतात तशी. कोणाचे गुडघे दुखायला लागले की त्याचे कॅन दुसरं कोणी उचलतं, आणि तो माणूस वाटेवरच्या रोपांकडे बघायला येत राहतो. खाली एकाच इमारतीत राहून लिफ्टमध्ये एकमेकांशी न बोलणारी माणसं वर येऊन तासभर बोलतात. बँकेतून निवृत्त झालेले, संगणक कंपनीत रात्रपाळी करून थेट इकडे आलेले, शाळेची मुलं. उतारावरच्या वस्त्यांतली मुलं तर टेकडी सगळ्यांत जास्त ओळखून आहेत. कुठे घोणस दिसते, कोणत्या बोरीला आधी बोरं लागतात, मोर कुठे येतो, हे त्यांना विचारावं. त्या वस्त्यांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, आणि तरी तिथली माणसं टेकडीवर जाणाऱ्याला कॅन भरून देतात. हे मला फार मोठं वाटतं.

(दृश्य: पिवळं गवत, वाऱ्यावर हलणारं. एक टिटवी ओरडत उडते.)

आता एका वादाकडे येऊ, कारण तो टाळून टेकडीबद्दल बोलणं खोटं ठरेल.

टेकडीवर झाडं लावायचीच का? प्रश्न विचित्र वाटेल. पण ही मूळची गवताळ टेकडी आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही इथली गवतं. त्यांत मधूनमधून सालई, मोई, गणेर, पळस, खैर, हिवर. दाट जंगल इथे नव्हतंच, कारण एवढ्या पातळ मातीत आणि एवढ्या कमी पावसात ते उभं राहत नाही. चंडोल, तित्तिर, माळटिटवी हे पक्षी उघड्या गवतातच घरटी करतात. सरकारी दप्तरात अशा गवताळ जमिनींची नोंद पडीक म्हणून होते, आणि पडीक म्हटलं की तिथे काहीतरी लावावं असं प्रत्येकाला वाटतं.

त्याच समजुतीतून काही दशकांपूर्वी वनीकरणासाठी पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया लावला गेला. मराठीत गिरिपुष्प, काही जण उंदीरमारी म्हणतात. मूळचा मध्य अमेरिकेतला. कुठेही जगतो, झपाट्यानं वाढतो, फेब्रुवारीत फिकट गुलाबी फुलांनी भरून जातो. दिसतो सुंदर. पण त्याच्या दाटीखाली इथलं गवत तग धरत नाही, आणि स्थानिक झाडांवर जेवढे किडे-पक्षी दिसतात तेवढे त्याच्यावर दिसत नाहीत. त्या काळी उघडी टेकडी हिरवी करण्याची घाई होती, आणि ज्यांनी लावलं त्यांनी वाईट हेतूनं लावलं नाही. तरीही आज ग्लिरिसिडिया काढून त्या जागी काय आणायचं यावर टेकडीवर तास न् तास चर्चा चालते.

स्वयंसेवकांमध्येही दोन मतं आहेत. एकांना वाटतं, सावली वाढली पाहिजे, शहर तापतंय. दुसरे म्हणतात, उघडा माळ उघडाच ठेवा, ओढ्याच्या काठानं आणि घळींमध्येच झाडं लावा. माझा कौल दुसऱ्यांच्या बाजूनं आहे. ज्या माणसानं दहा वर्षं टेकडीवर पाणी वाहून नेलं, त्यानं एक दिवस 'इथे काही लावायला नको' असं म्हणणं, याला मी टेकडीची खरी ओळख म्हणेन. काही गटांनी तसं केलंयही. त्यांनी नवी लागवड कमी केली, वडा-पिंपळाचा आग्रह सोडला, आणि टेकडीवरच्याच गणेर-पळसाचं बी गोळा करून रोपं तयार करायला घेतली.

(दृश्य: जळून काळा पडलेला उतार.)

गवत डिसेंबरपासून वाळायला लागतं, आणि मग वणव्याची भीती. एखादी पेटती सिगरेट, रात्रीच्या पार्टीत पेटवलेली शेकोटी, कधी मुद्दाम लावलेली आग. दोन वर्षं जगवलेली रोपं अर्ध्या तासात जातात. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी टेकडीवर जाळरेषा काढायचं काम चालतं. पट्ट्यानं गवत कापून, झाडून जमीन मोकळी करायची, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. धूर दिसला की फोन फिरतात, माणसं हिरव्या फांद्या घेऊन पळतात आणि झोडपून आग विझवतात. वन विभागाचे कर्मचारी येतात, पण टेकडी मोठी आणि माणसं थोडी. पहिली पाच मिनिटं शेजाऱ्यांचीच असतात.

पाणी अडवायचंही काम आहे. उतारावर समान उंचीच्या रेषेत खणलेले समतल चर, घळींमध्ये रचलेले अनघड दगडी बांध. मे महिन्यात त्यांतला गाळ काढावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात ते भरून जातात. टिकाव, फावडं, घमेली आणि माणसांची साखळी, एवढंच लागतं. असं अडलेलं पाणी खडकाच्या भेगांतून खाली उतरतं. भूजलाचा अभ्यास करणारे सांगतात, की शहरातल्या विहिरी आणि बोअरवेलचं पुनर्भरण या टेकड्यांवर होतं. बावधनला रामनदीच्या काठी जिवंत झरा आहे, तो असाच डोंगराचं पाणी घेऊन येतो. आणि पाणी अडलं नाही तर काय होतं, हेही पुण्यानं पाहिलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांत धुवांधार पाऊस झाला, आंबिल ओढा फुगला, आणि काठच्या वस्त्या-सोसायट्यांत पाणी शिरलं. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याची जागा बुजवली होती, उतार सिमेंटचे झाले होते. चार दगडी बांधांनी तो पूर थांबला असता असं कोणी म्हणणार नाही. पण टेकडी आणि खालचं शहर हा एकच मामला आहे, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं.

(दृश्य: नकाशा. त्यावर हिरव्या रेघांनी दाखवलेल्या टेकड्या.)

पाणी घालता घालता ही माणसं नकाशे वाचायला शिकली, आणि मला ही या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची घडामोड वाटते. ज्यांना टेकडीवर फक्त फिरायचं होतं, ते आज विकास आराखडा उघडून बसतात, हरकती-सूचना लिहितात, सुनावणीला जातात.

१९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या हद्दीत बाणेर, पाषाण, बावधन, वारजे अशा बाजूंच्या टेकड्या होत्या. त्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण प्रस्तावित झालं. जवळपास हजार हेक्टर जमीन. बांधकामाला किती परवानगी द्यायची, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारनं आरक्षण कायम ठेवलं. यातली बरीच जमीन खासगी मालकीची आहे, आणि मोबदल्याचा प्रश्न त्यानंतरही भिजत राहिला. ज्यांची पिढीजात जमीन आरक्षणात अडकली त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासाठीही तितक्याच जोरानं बोलायला हवं.

वेताळ टेकडीचा मोठा भाग वन विभागाकडे आहे, पण तिच्यावरही रस्त्यांची रेघ आहेच. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता ऐंशीच्या दशकापासून कागदावर आहे. पुढे टेकडीच्या पोटातून बोगद्यांचे प्रस्ताव आले, पंचवटीहून कोथरूड आणि गोखलेनगरच्या दिशेनं. एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पांच्या विरोधात हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. भर उन्हाळ्यातली संध्याकाळ. आजी-आजोबा, कॉलेजची मुलं, खांद्यावर पोरं घेतलेले आई-बाप. एवढी माणसं कुठून आली, असं अनेकांना आश्चर्य वाटलं. टेकडीवर जाणाऱ्यांना वाटलं नसावं. ती रोज सकाळी एकमेकांना बघतच होती.

कोथरूडला रोज वाहतुकीत अडकणाऱ्या माणसाला रस्ता हवा असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण पाच-दहा मिनिटं वाचवायला जी टेकडी फोडायची, ती पुन्हा रचता येत नाही. बस वाढवा, पदपथ चालण्यासारखे करा, मग हिशेब मांडू, असं ही माणसं म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

(दृश्य: सकाळचे आठ. उतरणारी माणसं, हातात रिकामे कॅन आणि कचऱ्याच्या पिशव्या.)

उतरताना हात रिकामे नसतात. रात्रीच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, फुटलेल्या काचा गोळा करून खाली आणायच्या, हा इथला शिरस्ता आहे. काचा आधी, कारण त्या उन्हात तापतात आणि अनवाणी येणारी मुलंही असतात.

जुलैमध्ये टेकडी हिरवीगार असते, तेव्हा यायला सगळेच तयार असतात. तुम्ही एप्रिलमध्ये या. सातच्या आत वर पोचा, टोपी घाला, पायात बूट असू द्या. पाच लिटरचे दोन कॅन पुरेत, एकच झेपला तर एकच आणा. कुठे ओतायचं ते वर कोणालाही विचारा. तीन झाडं तुमच्या नावावर करून देतील, आणि मग पावसाळा लागेपर्यंत तुम्हाला यावं लागेल.