बोगदा क्रमांक सहा

(बोगद्याचं तोंड. कॅमेरा आत शिरतो.)

कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा डोंगर. डॉनर खिंडीजवळ, जवळपास सात हजार फुटांवरचा हा बोगदा. लांबी १,६५९ फूट. इथले रूळ १९९३ साली उखडले, आणि आता भिंती स्प्रेच्या रंगांनी भरल्यात. रंगांकडे नंतर बघू. आधी दगड बघा. निव्वळ ग्रॅनाइट. त्यात मधूनच दिसणाऱ्या या गोल खाचा सुरुंगाच्या भोकांच्या आहेत, आणि ती भोकं हातानं पाडलेली आहेत.

(जुना नकाशा)

अमेरिकेच्या आरपार रेल्वे न्यायचा कायदा लिंकननं १८६२ साली, यादवी युद्ध चालू असतानाच मंजूर केला. पूर्वेकडून, ओमाहाहून निघायचं युनियन पॅसिफिकनं. पश्चिमेकडून, सॅक्रामेंटोहून सेंट्रल पॅसिफिकनं. सरकार मैलामागे कर्जरोखे देणार होतं, सपाटीवर १६ हजार डॉलरचे आणि डोंगरात ४८ हजारांचे. वर जमीन फुकट. सेंट्रल पॅसिफिकचे चार मालक सॅक्रामेंटोचे दुकानदार होते. किराणा, कापड, लोखंडी सामान असले त्यांचे धंदे. हिशेब त्यांना चांगला कळत होता.

मजूर मात्र टिकत नव्हते. शेजारच्या नेवाडात चांदीच्या खाणी निघालेल्या. लोक कंपनीच्या खर्चानं डोंगरापर्यंत यायचे आणि तिकडे पळायचे. १८६५ साली पन्नासेक चिनी मजूर घेऊन पाहिले. कामावरचा प्रमुख स्ट्रोब्रिज याचा त्याला विरोध होता. दोन वर्षांत हा आकडा दहा हजारांच्या घरात गेला.

(छायाचित्रं: तंबू, मजुरांच्या टोळ्या)

ही माणसं दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगची. प्रत्येक टोळीला आपला मुकादम, आपला आचारी. तांदूळ, सुकी मासळी, वाळवलेल्या भाज्या. पगार महिना तीस-पस्तीस डॉलर, त्यातून जेवण स्वतःचं. गोऱ्या मजुरांना जेवण कंपनीचं. आणि हा चहा बघा, कावडीनं कामावर चाललाय. उकळलेलं पाणी पीत असल्यामुळे यांच्यात पोटाचे आजार कमी.

(पुन्हा बोगदा. पहारेचा आवाज.)

आता काम कसं चालायचं ते पाहू. तिघांची जोडणी. एकजण पोलादी पहार दगडाला टेकवून धरायचा, दोघे आळीपाळीनं घण घालायचे. दर घावानंतर धरणारा पहार किंचित फिरवणार, नाहीतर ती अडकलीच. भोक पुरेसं खोल झालं की दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. मग ढिगारा उपसायचा. पाळी आठ तासांची, दिवसरात्र. एवढं करून एका तोंडाला दिवसाची प्रगती जेमतेम फूटभर.

म्हणून डोंगराच्या माथ्यावरून मधोमध एक उभी विहीर खणली. विहिरीच्या तळातून दोन्ही दिशांना खोदाई, बाहेरून दोन तोंडं वेगळी. एकाच वेळी चार ठिकाणी घण. उपसा ओढायला वर एक जुनं इंजिन आणून बसवलं. १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन हे जोरदार द्रव स्फोटक आलं. ते वाहून नेणं म्हणजे मरण, त्यामुळे जेम्स हाउडन हा रसायनतज्ज्ञ ते जागेवरच बनवायचा. वेग दीडपट झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोगदा आरपार मोकळा झाला.

टोपल्यांत बसून कड्यावर लटकणाऱ्या चिनी मजुरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला त्या काळचा धड पुरावा नाही. आम्ही ती दाखवत नाही. हा दगड पुरेसा आहे.

(हिवाळ्याची छायाचित्रं)

१८६६-६७ च्या हिवाळ्यात चव्वेचाळीस वादळं झाली. मजूर बर्फाखाली राहायचे, बर्फातल्याच भुयारांतून कामावर जायचे.

(इथे निवेदन नाही.)

जूनमध्ये हजारोंनी संप केला. मागणी होती चाळीस डॉलर पगार आणि कमी तास. मालकांपैकी क्रॉकर याने अन्नपुरवठा तोडला. आठवडाभरात संप मोडला.

(दगडी भिंत)

ही जवळचीच, याच मजुरांनी रचलेली भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. अजून उभी आहे.

(१० मे १८६९ चं छायाचित्र)

युटातलं प्रोमोंटरी. दोन्ही कंपन्यांचे रूळ इथे जुळले. दोन इंजिनं समोरासमोर, बाटल्या उंचावलेल्या, सोन्याचा खिळा ठोकून झालेला. महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला. मैदानांतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, रानगव्यांचे कळप संपले. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशाची दारं बंद केली. या गर्दीत चिनी चेहरे शोधून बघा.

शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, याच जागी सोहळा झाला. वाहतूक खात्याचे मंत्री जॉन वोल्पी भाषणात विचारते झाले, तीस फूट बर्फात डोंगर फोडून बोगदे काढणं अमेरिकनांखेरीज कुणाला जमलं असतं? ज्यांनी ते काढले, त्यांच्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायची मुभा कायद्यानं १९४३ साली मिळाली.