पेलेट स्टोव्हची दडलेली राख

[दृश्य: बर्फाने भरलेलं अंगण. भिंतीतून बाहेर आलेला धुराचा पाइप.]

मेन, व्हरमॉन्ट, न्यू हॅम्पशायर. अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात थंडीची चाहूल लागली की तळघरात प्लास्टिकच्या पिशव्यांची थप्पी रचली जाते. पिशवी १८ किलोची. आत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, जेमतेम ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. हेच पेलेट.

ते जाळून घर गरम ठेवणाऱ्या स्टोव्हचं काम सरळ आहे. वरच्या हॉपरमधून, म्हणजे पेलेट भरून ठेवायच्या पेटीतून, ऑगर नावाचा फिरता स्क्रू थोडे थोडे पेलेट बर्न पॉटमध्ये, म्हणजे जाळाच्या भांड्यात, टाकतो. एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि त्या ओढीनेच खालून जाळाला हवा मिळते. दुसरा पंखा गरम हवा खोलीत सोडतो. ही हवेची वाट मोकळी असेल तोवर तक्रार नसते.

चांगल्या पेलेटची राख वजनाच्या १ टक्क्याच्या आत असते. अर्धा टक्का धरली तरी पिशवीमागे ९० ग्रॅम, म्हणजे ५० पिशव्यांच्या अमेरिकी टनामागे साडेचार किलो. तिच्यातली जड राख खालच्या ट्रेमध्ये पडते. ती दिसते, म्हणून सगळे काढतात. पिठासारखी बारीक राख मात्र धुराबरोबर पुढे जाते आणि मागच्या पत्र्याआड, जाळाची उष्णता खोलीच्या हवेला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत आणि पाइपच्या वळणात बसते. स्टोव्ह बंद पडतो तो बहुतेक वेळा या राखेमुळे.

[दृश्य: काचेतून दिसणारी ज्योत, अगदी जवळून.]

ज्योत ते आधीच सांगते. हवा पुरेशी असते तेव्हा ती आखूड, चपळ, उजळ पिवळी असते. हवा कमी पडली की लांब, नारिंगी आणि सुस्त होते, टोकाला काजळी धरते. काचेवर फिकट राखाडी भुकटी बसली तर चिंता नाही. काच काळी झाली तर वाट कुठेतरी तुंबली आहे.

सफाईआधी स्टोव्ह बटणाने बंद करा, पंखे आपोआप थांबू द्या, मग प्लग काढा. त्यानंतर रात्रभर हात लावू नका. राखेखाली निखारा बराच वेळ जिवंत राहतो. घरातला साधा व्हॅक्यूम इथे वापरूच नये. निखारा त्याच्या पिशवीत पेट घेतो आणि बारीक राख फिल्टरमधून निसटून खोलीभर होते. धातूच्या टाकीचा, बारीक फिल्टरचा, राखेसाठीचाच व्हॅक्यूम घ्या.

त्याचं तोंड मात्र जाड असतं, ते पत्र्याआड शिरत नाही. इथे घरगुती जोड कामाला येते. व्हॅक्यूमच्या नळीवर घट्ट बसेल अशी पीव्हीसीची टोपी घ्या. तिला भोक पाडून साधारण १२ मिलिमीटर पोकळीची, मीटरभर लांब पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवा. सांध्याला टेप गुंडाळा. टोपीला शेजारी ६ मिलिमीटरचं आणखी एक भोक ठेवा, नाहीतर हवा अडून व्हॅक्यूमची मोटर तापते. नळीचं टोक तिरपं कापा, म्हणजे ते पत्र्याला चिकटत नाही.

ही नळी कप्प्यात सरकवली की राखेची करडी रेघ तिच्यातून पळताना दिसते, बारीक सळसळ ऐकू येते. सळसळ थांबली की रबरी हातोडीने मागच्या पत्र्यावर हलके ठोके द्या. राख पुन्हा सुटते. ठोके पत्र्यावरच द्या, ठिसूळ विटांच्या पॅनेलवर नको, ती तडकतात.

बर्न पॉटची भोकं बुजली असतील तर त्याच मापाचं ड्रिलचं पातं बोटांनी फिरवा, मशिनला लावू नका, भोकं मोठी होतात. पॉटच्या तळाला काचेसारखं कडक खंगर धरलं असेल, तर पेलेटमध्ये माती किंवा साल जास्त आहे. त्यातली सिलिका, सोडियम आणि पोटॅशियम उष्णतेने वितळून एकजीव होतात. असं खंगर रोज दिसायला लागलं तर पेलेट बदलून बघा.

[दृश्य: बाहेर, पाइपच्या तोंडाशी दोघं.]

मोसम संपताना मोठी सफाई करावीच. उन्हाळ्यात राख दमट हवा शोषते, घट्ट होते आणि पत्रा खाते. यासाठी पाचोळा ओढणारा ब्लोअर फार उपयोगी पडतो. त्याचं शोषणारं तोंड रबरी कपलिंग आणि दोन क्लॅम्पनी पाइपला जोडा, आधी पाइपची टोपी काढा. त्याहीआधी घरात जा आणि स्टोव्हमधल्या व्हॅक्यूम स्विचची, म्हणजे धुराच्या पंख्याची ओढ ओळखणाऱ्या स्विचची, बारीक नळी स्विचच्या टोकाकडून उपसून ठेवा. ब्लोअरच्या इतक्या ओढीने स्विचच्या आतला नाजूक पडदा फाटू शकतो. ब्लोअर चालू झाला की घरातल्या माणसाने स्टोव्हचं दार उघडून नळ्या ब्रशने घासाव्यात आणि पत्र्यावर ठोके द्यावेत. बाहेर राखेचा लोट उठतो, म्हणून कोरडा, वारा नसलेला दिवस निवडा. दोघांनीही एन-९५ मास्क लावा. स्टोव्ह पूर्ण थंड असल्याशिवाय हे करू नका.

काढलेली राख घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीत घाला आणि बादली घरापासून किमान १० फूट लांब, मोकळ्या जागी ठेवा. चिमूटभर राख मात्र ठेवून घ्या. ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्याला ती लावून गार काच गोल गोल घासा. राखेने भांडी घासणाऱ्या घरांना याचं नवल वाटणार नाही.

दाराची दोरीसारखी गॅस्केट कागदाच्या पट्टीने तपासता येते. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. ओढताना अडली तर ठीक. सहज निघाली तर तिथून हवा शिरते, गॅस्केट बदला.

मग पुन्हा पेटवायचं. पंखा फिरतोय, पण पेलेट पडतच नाहीत, ऑगर गप्प, असं झालं तर घाबरू नका. व्हॅक्यूम स्विचला ओढ जाणवत नाही तोवर तो ऑगर चालू देत नाही. मेकॅनिकला फोन करण्याआधी ती उपसलेली बारीक नळी परत लावली का, ते बघा. लावली असेल तर तिचं दुसरं टोक सोडवा आणि जिथे ते बसतं त्या भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घालून राखेची गुठळी काढा.